गळा जुना, तोंड नवं



मी मुळात कवितेचा माणूस. बी.ए. झालो, तेही मराठी विषय घेऊन. घरातला फ्यूज उडाला तर मी मेणबत्ती शोधतो, फ्यूजची तार शोधत नाही. असा मी आज जुन्या मोटारींतले रेडिओ आणि त्यांना जोडायचे स्पीकर या विषयावर बोलणार म्हटल्यावर माझ्या ओळखीची मंडळी हसतील. हसू द्या. काही गोष्टी माणूस पुस्तकातून शिकतो, काही चुकीतून. ही गोष्ट मी चुकीतून शिकलो, आणि चूक दुसऱ्याच्या वस्तूवर केली होती, म्हणून ती जास्तच लक्षात राहिली.

२०११ सालची गोष्ट. सांगलीच्या माझ्या एका मित्राकडे १९६० च्या दशकातली फियाट होती, मुंबईला कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, ती नवी घेतली होती. गाडीत रेडिओ होता. युरोपातून आलेला, दोन बाजूंना दोन गोल बटणं, मधे काच आणि काचेमागे सरकणारा लाल काटा. १९७१ च्या डिसेंबरात ढाक्याला पाकिस्तानी फौज शरण आल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी त्यांच्या गल्लीत वीज नव्हती. अण्णांनी गाडी चौकात आणून उभी केली, चारही दारं सताड उघडली आणि रेडिओ लावला. सगळ्या गल्लीनं ती बातमी त्या गाडीभोवती उभं राहून ऐकली. माझा मित्र तेव्हा आईच्या कडेवर होता. पण ही हकिगत त्यानं घरात इतक्या वेळा ऐकली होती, की ती त्याला स्वतःची आठवण वाटायची.

२०११ साली अण्णा ऐंशीच्या पुढे गेलेले. काचबिंदूनं दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेली होती. मित्रानं ठरवलं, गाडी नीट करायची, अण्णांना एकदा तिच्यात बसवायचं आणि रेडिओ लावायचा. इंजिन झालं, पत्र्याचं काम झालं, गाद्या झाल्या. रेडिओ अजून जिवंत होता. फक्त स्पीकरचा कागद फाटला होता, त्यामुळे आवाज पतंगाच्या फाटक्या शेपटीसारखा फडफडायचा.

इथं मी सल्ला दिला. न विचारता दिला. म्हटलं, "हा जुनाट स्पीकर काढून टाक. नवे घे. एक कशाला, दोन घे." आम्ही दोन नवे स्पीकर आणले. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'दोनशे वॅट' लिहिलेलं. रेडिओतून येणाऱ्या दोन तारांना दोन्ही स्पीकरच्या तारा एकत्र पिळून जोडल्या आणि बटण फिरवलं. आवाज आला, पण दबका, घोगरा, गोधडीतून आल्यासारखा. मागच्या सीटवर बसलेले अण्णा म्हणाले, "ही गाडी कुणाची आणलीस रे?" आम्हाला वाटलं, त्यांना नीट ऐकू येत नाही. आम्ही बटण शेवटपर्यंत फिरवलं. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. खरखर झाली, करपल्याचा वास आला आणि रेडिओ गप्प झाला. चाळीस वर्षांपूर्वी सगळ्या गल्लीला बातमी सांगणारा रेडिओ आम्ही एका दुपारी जाळला.

माझे मामू मिरजेला रेडिओ दुरुस्त करायचे. सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर त्यांचं एका खणाचं दुकान होतं. मी आणि मित्र तो रेडिओ पिशवीत घालून त्यांच्यापुढे जाऊन बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि आमच्या घरच्या दखनीत एवढंच विचारलं, "गला देखे बगर मूं लगाया क्या रे?" म्हणजे गळा न बघताच तोंड लावलंस का? त्या एका वाक्यात हा सगळा विषय आहे. बाकीचं मी आज तुम्हाला जरा उलगडून सांगतो.

स्पीकर म्हणजे काय, तिथून सुरुवात करू. लोहचुंबकाच्या अरुंद फटीत तांब्याच्या बारीक तारेचं एक वेटोळं लटकत असतं. त्याला 'व्हॉइस कॉइल' म्हणतात. ते कागदाच्या शंकूला, म्हणजे 'कोन'ला चिकटवलेलं असतं. रेडिओकडून येणारी वीज या वेटोळ्यातून उलटसुलट वाहते, त्यामुळे वेटोळं पुढंमागं हलतं, कागद हलतो, कागदापुढची हवा हलते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. आज आपण वापरतो तो स्पीकर या रूपात अमेरिकेतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ साली मांडला. जवळजवळ शंभर वर्षं झाली, मूळ कल्पना तीच आहे.

पण हे वेटोळं विजेला अडवतं. ही अडवणूक 'ओहम' या मापानं मोजतात. इंजिनिअर मंडळी तिला 'इम्पिडन्स' म्हणतात. इथं आपली समजूत नेमकी उलटी होते. ओहमचा आकडा लहान, म्हणजे स्पीकर हलका, असं आपल्याला वाटतं. खरं म्हणजे आकडा जितका लहान, तितकी अडवणूक कमी आणि तितकी जास्त वीज स्पीकर रेडिओकडून ओढून घेतो. मामू म्हणाले, "रेडिओला बैल समज आणि स्पीकरला गाडी. चार ओहमची गाडी म्हणजे बैलाच्या अंगाला साजेशी. दोन ओहमची म्हणजे उसानं दुप्पट भरलेली." आमचा रेडिओ चार ओहमच्या एका स्पीकरसाठी बनवला होता. आम्ही चार ओहमचे दोन स्पीकर शेजारी शेजारी, एकाच जोडीच्या तारांवर बांधले. असे जोडले की ओहम वाढत नाहीत, निम्मे होतात. चारचे दोन झाले. बैलानं ओढायला सुरुवात केली, आवाज कमी वाटला म्हणून आम्ही वर चाबूकही ओढला.

त्या रेडिओच्या शेवटच्या टप्प्यात दोन ट्रान्झिस्टर होते, 'एडी १६१' आणि 'एडी १६२' अशी ओळखीची जोडी. ते जर्मेनियमचे. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही. तो तापला की त्यातून जास्त वीज गळते, ती गळाली की तो आणखी तापतो, आणि हा ताप चढतच जातो. पुढं सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले, ते बरीच जास्त उष्णता सोसतात, आणि जर्मेनियमचे मागे पडले. म्हणून आज तसा एक ट्रान्झिस्टर जळला तर नवा मिळत नाही, कुणाच्या तरी जुन्या साठ्यातून शोधावा लागतो. जुन्या गाडीतला स्पीकर फाटला तर काही बिघडत नाही. पण चुकीचा स्पीकर लावून रेडिओ जळला तर मात्र बिघडतं.

आता रेडिओला किती ओहमचा स्पीकर हवा, हे ओळखायचं कसं? यासाठी रेडिओचं वय माहीत असावं लागतं आणि वयासाठी थोडा इतिहास. मोटारीतला रेडिओ जम धरू लागला तो १९३० साली. शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांच्या कंपनीनं गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' नाव दिलं. पुढं १९४७ साली कंपनीनंच ते नाव घेतलं. १९३२ साली जर्मनीत ब्लाउपुंक्टनं मोटार-रेडिओ काढला. त्याचं वजन पंधरा किलोच्या आसपास होतं. हे सगळे व्हॉल्व्हचे रेडिओ. व्हॉल्व्हला दोनशेच्या घरात व्होल्ट लागायचे आणि गाडीच्या बॅटरीत तर सहाच व्होल्ट. म्हणून त्यांत 'व्हायब्रेटर' नावाचा एक भाग असे. त्याची पातळ पट्टी सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरायची, बॅटरीच्या विजेचे तुकडे पाडायची, आणि मग ट्रान्सफॉर्मर ते व्होल्ट वाढवायचा. जुन्या गाडीत रेडिओ लावला की आधी भुंग्यासारखी गुणगुण ऐकू यायची, ती या पट्टीची.

या व्हॉल्व्हच्या रेडिओंना बहुतेक तीन ते चार ओहमचा स्पीकर असायचा. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधे 'आउटपुट ट्रान्सफॉर्मर' असे. हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे दुभाषा. व्हॉल्व्हची भाषा वेगळी, स्पीकरची वेगळी, हा दोघांचं जमवून देतो. इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. व्हॉल्व्हचा रेडिओ स्पीकर काढून कधीही चालू करू नये. ऐकणारं कुणीच नसलं की दुभाष्याच्या आतच विजेचा दाब चढतो आणि तो जळतो. ट्रान्झिस्टरच्या रेडिओला भीती वेगळी असते, त्याच्या स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना चिकटता कामा नयेत. म्हणजे एकाला मोकळं सोडू नये आणि दुसऱ्याला फार जखडू नये.

१९५५ साली क्रायसलर आणि फिल्को या अमेरिकन कंपन्यांनी एकही व्हॉल्व्ह नसलेला, पूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ जाहीर केला. १९५६ च्या गाड्यांत तो दीडशे डॉलर जादा देऊन मिळायचा. दरम्यान अमेरिकन गाड्यांची बॅटरी सहावरून बारा व्होल्टची झाली, आणि मग काही वर्षं अर्धेमुर्धे रेडिओ आले. आत बारा व्होल्टवर चालणारे खास व्हॉल्व्ह आणि शेवटी एक मोठा ट्रान्झिस्टर. त्यामुळे व्हायब्रेटर गेला आणि गुणगुणही गेली.

अमेरिकन रेडिओचं वय ओळखायची एक सोपी खूणही सांगतो. काचेवरच्या आकड्यांत ६४० आणि १२४० या जागी दोन छोटे त्रिकोण दिसले, तर तो रेडिओ १९५३ ते १९६३ या काळातला समजावा. शीतयुद्धाच्या दिवसांत हल्ला झाला तर लोकांनी याच दोन जागी काटा न्यावा, अशी तिथल्या सरकारची योजना होती. तेव्हा विकल्या जाणाऱ्या रेडिओंवर त्या खुणा बंधनकारक होत्या. एक छोटा त्रिकोण, पण केवढी भीती त्याच्यामागे!

पुढं १९६० च्या दशकात जनरल मोटर्सच्या गाड्यांत 'डेल्को' रेडिओ असायचे. त्यांतल्या अनेकांना दहा ओहमचा स्पीकर लागतो. हा आकडा आज बाजारात सहसा मिळत नाही. हल्लीचे मोटारीचे स्पीकर बहुतेक चार ओहमचे. चारचा एक स्पीकर तिथं लावला की आवाज फाटतो आणि रेडिओवर नको तो भार पडतो. अशा वेळी आठ ओहमचा स्पीकर लावावा, दहाला तो पुरेसा जवळचा आहे. किंवा चारचे दोन स्पीकर आगगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडावेत. म्हणजे रेडिओची एक तार पहिल्या स्पीकरला, पहिल्याची उरलेली दुसऱ्याला आणि दुसऱ्याची उरलेली परत रेडिओला. असे जोडले की चार आणि चार आठ होतात. शेजारी शेजारी जोडले की चारचे दोन. तोच माल, तेच पैसे, फक्त तारेची वाट वेगळी.

तुम्ही म्हणाल, अशा अमेरिकन गाड्या आपल्याकडे कुठून आल्या? जनरल मोटर्सचा गाड्या जोडण्याचा कारखाना मुंबईला शिवडीत १९२८ साली सुरू झाला होता. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरनं कुर्ल्याला १९४७ पासून डॉज आणि प्लिमथ जोडल्या, फियाट नंतर आली. तेव्हा कुणाच्या वाड्यातल्या गॅरेजमधे ताडपत्रीखाली एखादी जुनी शेवरले असेल, तर ती शिवडीचीही असू शकते.

ओहम मोजायला घरातला साधा मल्टिमीटर चालतो, पण त्याचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. मीटर फक्त तारेची अडवणूक दाखवतो, ती नावाच्या आकड्यापेक्षा थोडी कमी असते. चार ओहमचा स्पीकर मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसतो, आठचा सहा-साडेसहा. म्हणजे जुन्या डेल्कोच्या स्पीकरवर मीटरनं आठ दाखवले, तर तो आठचा नव्हे, बहुधा दहाचा आहे. मीटर काहीच दाखवत नसेल, तर वेटोळ्याची तार तुटली आहे.

ओहम जुळले म्हणजे सगळं जुळलं, असं नाही. दुसरी गोष्ट आवाजाच्या उरकाची. त्या दोन नव्या स्पीकरवर दोनशे वॅट लिहिलं होतं, त्याला आम्ही भुललो. तो आकडा स्पीकर किती आवाज देतो ते सांगत नाही, तो किती मार सोसतो ते सांगतो. जुन्या मोटार-रेडिओची ताकद तीन ते पाच वॅट. म्हणून त्याच्या स्पीकरचा कागद हलका असायचा, कडाही कागदाचीच, थोड्या विजेतही चटकन हलणारी. नव्या स्पीकरची कडा रबराची, कोन जाड, वेटोळं जड. त्याला हलवायलाच ताकद लागते.

याचंही माप असतं. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते चांगल्या स्पीकरच्या कागदपत्रांत छापलेलं असतं. समजा, एक स्पीकर ९४ डेसिबलचा आहे आणि दुसरा ८८ चा. फरक सहाचा दिसतो, पण दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट लागतात. म्हणजे सहाला चौपट. जे काम पहिला स्पीकर पाच वॅटमधे करतो, त्याच कामाला दुसरा वीस वॅट मागतो. पाच वॅटच्या रेडिओनं ते आणायचे कुठून? म्हणून जुन्या रेडिओसाठी स्पीकर घेताना वॅटचा आकडा बघू नका, डेसिबलचा बघा. नव्वदीच्या वर जितका असेल तितकं बरं.

मामूंनी हे समजावताना दुकानाबाहेर बोट दाखवलं. समोर तंबोऱ्यासाठी आणलेले वाळके भोपळे रांगेनं ठेवले होते. म्हणाले, "तारेत केवढा जोर आहे, ते बघून कारागीर भोपळा निवडतो. भोपळा मोठा म्हणून आवाज मोठा, असं नसतं." मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला मामूंचं ते बोट आठवलं.

तिसरी गोष्ट जागेची. जुन्या गाड्यांत बहुधा एकच स्पीकर, समोर डॅशबोर्डमधे, अनेकदा लांबट अंड्याच्या आकाराचा. चार बाय दहा इंच, पाच बाय सात, सहा बाय नऊ, असे आकार ठरलेले. नवा स्पीकर तेवढ्याच तोंडाचा मिळाला तरी त्याचं चुंबक मागं किती येतं, ते मोजून घ्यावं. मागं तारा असतात, वायपरची यंत्रणा असते, हवेची नळी असते. स्पीकर बसत नाही म्हणून लोक दारं कापतात, मागचा पत्रा कापतात. कापलेला पत्रा पुन्हा सांधता येतो, पण तो पूर्वीचा राहत नाही. आपल्या सरकारनं २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आणली. गाडी मूळ रूपात असावी, चॅसी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नसावा, अशी तिची अट आहे. स्पीकर ही त्या मानानं छोटी वस्तू. पण त्याच्यासाठी पत्र्याला करवत लावण्याआधी दहादा विचार करावा. जे परत जसंच्या तसं करता येईल, तेवढंच करावं.

चौथी गोष्ट तारांची. फार जुन्या, म्हणजे १९३० च्या दशकातल्या स्पीकरला दोनाऐवजी चार तारा दिसल्या तर चक्रावू नका. त्या वेळी जोरकस कायमचं चुंबक सहज मिळत नव्हतं, म्हणून स्पीकरच्या पाठीमागे विजेचं चुंबक असायचं आणि ते गाडीच्या बॅटरीवर चालायचं. त्याच्या जागी आजचा साधा स्पीकर लावता येतो, चुंबकाच्या दोन तारा नीट बंद करून ठेवायच्या. पण जुना स्पीकर भंगारात टाकण्याआधी उलटा करून बघा. तो दुभाषा, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, पुष्कळदा स्पीकरच्याच सांगाड्यावर बसवलेला असतो. स्पीकर फेकला की तोही गेला.

आणखी एक. जुन्या रेडिओत स्पीकरची एक तार अनेकदा गाडीच्या पत्र्यालाच जोडलेली असते. नव्या रेडिओला ते मुळीच चालत नाही, त्याच्या दोन्ही तारा पत्र्यापासून लांब ठेवाव्या लागतात. त्यामुळे जुन्या स्पीकरवर नवा रेडिओ जोडणारे लोक नवा रेडिओ जाळतात, आणि जुन्या रेडिओवर नवे स्पीकर जोडणारे आमच्यासारखे लोक जुना. आणि दोन स्पीकर लावलेच, तर दोघांचे कागद एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत गेले पाहिजेत. एक बाहेर, एक आत असं झालं की खर्जाचा आवाज आपसातच मरतो. हे तपासायला दीड व्होल्टचा साधा सेल पुरतो. तो क्षणभर तारांना लावायचा. कागद बाहेर उडी मारतो, त्या वेळी सेलच्या अधिक टोकाला असलेली तार 'अधिक' समजून तिच्यावर खूण करायची. आणि जुना रेडिओ एकाच सुराचा, म्हणजे मोनो असतो. दोन स्पीकर लावून तो स्टिरिओ होत नाही.

मग सगळ्यात चांगला मार्ग कोणता? मामूंचं उत्तर ठरलेलं होतं. मूळ स्पीकर दुरुस्त होत असेल तर तोच ठेवावा. त्याचं चुंबक, त्याचा सांगाडा शाबूत असतो, मरतो तो कागद. बारीक चीर असेल तर पातळ कागदाची पट्टी आणि पातळ केलेला डिंक पुरतो. कागद पार गेला असेल तर कोन बदलायचा. हे काम मी त्यांच्यापुढे बसून पाहिलं. जुना कागद कडेनं कापून काढला. चुंबकाच्या फटीत अडकलेला लोखंडाचा कीस चिकटपट्टीनं टिपून घेतला, कारण फुंकर मारली की तो आणखी आत जातो. मग नवं वेटोळं आणि कोन बसवताना वेटोळ्याच्या आत चारी बाजूंनी जुन्या फोटो-फिल्मच्या बारीक पट्ट्या घातल्या, म्हणजे ते फटीच्या बरोबर मध्यावर राहावं. डिंक लावला आणि एक रात्र हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पट्ट्या काढल्या, दोन बोटांनी कागद हळूच आत दाबला आणि कान लावून ऐकलं. जराही घासल्याचा आवाज नाही. मधली टोपी चिकटवली आणि काम झालं. वेटोळं पूर्वीच्याच ओहमचं घेतलं होतं, म्हणून गळा आणि तोंड पुन्हा जुळले.

ज्यांचा मूळ स्पीकर हरवलाच आहे, त्यांच्यासाठी आता परदेशात जुन्या मापांचे नवे स्पीकर बनतात. त्यांतल्या काहींत एकाच कोनवर दोन वेटोळी असतात. चार-चार ओहमची वेटोळी एकामागे एक जोडली की आठ ओहम होतात. पत्रा न कापता काम होतं. घेण्याआधी फक्त ओहम, डेसिबल आणि खोली, हे तीन आकडे कागदावर लिहून घ्यावेत.

जळलेले ट्रान्झिस्टर मात्र सहजी मिळाले नाहीत. मित्र मुंबईला लॅमिंग्टन रोडवर दोन दिवस फिरला आणि हात हलवत परत आला. शेवटी मामूंनी आपल्या माळ्यावरून एक मेलेला रेडिओ काढला, त्यातली जोडी उपसली आणि आमच्या रेडिओत डाख देऊन बसवली. एका रेडिओचं आयुष्य दुसऱ्याला दिलं. पैसे विचारले तर म्हणाले, "अण्णांना ऐकू दे आधी."

एका रविवारी सकाळी आम्ही अण्णांना पुन्हा गाडीत बसवलं. या वेळी पुढं, चालकाच्या शेजारी. काय लावलंय, ते त्यांना सांगितलं नाही. काटा सांगली आकाशवाणीवर नेला. आवाज आला, थोडा नाकातून येणारा, खर्ज कमी, पण शब्द न् शब्द सुटा. अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुढं केला. हात चाचपडला नाही, थेट डाव्या बटणावर गेला आणि त्यांनी आवाज थोडा कमी केला. मग म्हणाले, "दारं उघडा की रे, बाहेरच्यांना ऐकू जाऊ दे."

पुढं दोन वर्षांनी अण्णा गेले. नंतर मामूही गेले. गाडी मित्राकडे आहे, रेडिओही आहे. अलीकडच्या काळात मध्यम लहरींची कितीतरी प्रक्षेपणं देशात बंद झाली आहेत. तो लाल काटा पूर्वी जिथं जिथं बोलायचा, तिथं आता बऱ्याच ठिकाणी नुसती खरखर ऐकू येते. म्हणून ज्यांच्या घरी असा रेडिओ आहे, त्यांना माझं सांगणं आहे, तो आजच एकदा लावून बघा. फडफडत असेल तर घाईनं नवा स्पीकर आणू नका. आधी जुना उलटा करून बघा, त्याच्या पाठीवर ओहमचा आकडा लिहिलेला असतो का ते पाहा, आणि तो आकडा वहीत टिपून ठेवा. आकडा नसेल तर मीटर लावा. एवढं केलं तरी माझ्यासारखी चूक तुमच्या हातून होणार नाही.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)